पालथा ग्लास

"ग्लास आपल्या हातानं उचलायचा. दुसऱ्याचं नशीब मी न्हाई उचलीत."

त्याचं हे बोलणं परळी-सिरसाळा रस्त्यावरच्या सगळ्या ट्रक ड्रायव्हरांना पाठ होतं. त्याच रस्त्याला त्याची चहाची टपरी. दिवसभर औष्णिक वीज केंद्राच्या राखेचे ट्रक जातात. उघडं ठेवाल त्याच्यावर करडा थर बसतो. म्हणून आमच्याकडं ग्लास धुतला की पालथा घालतात. लहान लेकरालाही ते सांगावं लागत नाही.

या सवयीचा त्यानं वेगळाच उपयोग केला. एका संस्थेच्या बाया त्याला एचआयव्ही तपासायची, घरच्या घरी वापरायची किटं आणून द्यायच्या. ड्रायव्हर माणूस दवाखान्याला थांबत नाही, चहाला थांबतो. टपरीच्या मागं गोणपाटाचा पडदा, आत एक स्टूल. बोट टोचायचं, पट्टीवर रक्ताचा थेंब, वर औषधाचे थेंब, आणि त्याच्यावर मोठा स्टीलचा ग्लास पालथा. रेघ उमटेपर्यंत हा चहा उकळायचा आणि चावट गोष्टी सांगायचा. मग ज्यानं त्यानं आपला ग्लास उचलायचा. एक रेघ आली तर काही नाही. दोन आल्या तर सरकारी दवाखान्यात जाऊन पक्की तपासणी. तो स्वतः कधी डोकवायचा नाही.

"मामा, दोन आल्या तर?" एखादं पोरगं विचारायचंच.

"तर गोळ्या खायच्या आन म्हातारं व्हायचं. माझ्यावानी. दिसायला जरा बरा ऱ्हाशील इतकंच."

मी वजनकाट्यावर हमाली केलेला माणूस. शाळा चौथीत सुटली. अंग थकल्यापासून त्याच्या बाकड्यावरच असायचो. कुणी ड्रायव्हर सुई बघून मागं सरकला की हा मला हाक मारायचा. "ये रे म्हाताऱ्या, दाखव ह्याला. बघ बे, ह्यो भीत न्हाई, तू कावून भितोस?" मी ऐटीत बोट पुढं करायचो. दर दोन-चार महिन्यांनी माझी पाळी यायचीच.

"माझं रगत काय फुकटचं हाय का बे?"

"तुझ्यात रगत कुठलं? नुसता माझा चहा हाय."

बाकड्यावरची माणसं हसायची. मला बरं वाटायचं. म्हातारपणी काहीतरी कामाला येतो म्हणून.

एक गोष्ट मात्र तुमच्याही ध्यानात आली असती. माझा ग्लास मला उचलू द्यायचा नाही. मी हात पुढं केला की हातावर फाडकन चापट. एकदा मी म्हटलं, "लोकांचं नशीब उचलीत न्हाईस, मग माझं कावून?"

"तुझं हलकं हाय. लागत न्हाई उचलायला."

ग्लास उचलून तो पट्टीकडं बघायचा, दम सोडायचा आणि माझ्या चहात चमचाभर साखर जास्त टाकायचा. मी त्याला दोस्ती समजलो.

आता माझ्या घरचीचं सांगतो. आमचा पाट लागला तेव्हा मी साठीला आलो होतो, तोवर एकटाच. तिचा पहिला नवरा ड्रायव्हर, तापानं गेला म्हणत. बाई कामाची, बोलायला कमी. रोज संध्याकाळी दुधाला टपरीवर यायची. दूध घ्यायची आणि पडद्यामागच्या माठातलं पाणी प्यायची.

"घरी पाणी न्हाई का गं तुला?" मी चारचौघांत म्हणायचो.

"इथलं गार असतंय."

"माझं गिऱ्हाईक तोडू नकोस बे," तो मधे बोलायचा. आम्ही तिघंही हसायचो. महिन्यातून एकदा ती माहेरी जाऊन यायची. मी कधी नाही म्हटलं नाही.

मागच्या थंडीत तिचं हृदय थकलं. पायाला सूज, दम लागायला लागला. त्यानंच कुणाची तरी जीप आणली आणि आम्ही सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईनं विचारलं, "आधीची कुठली औषधं चालू आहेत?"

मी म्हटलं, "कायबी न्हाई. आमची बाई गोळी बघून पळती."

माझ्या मागून त्याचा आवाज आला. "हाय चालू. एचआयव्हीची. रोजची एक. एक दिस चुकली न्हाई."

डॉक्टरीणबाईनं लिहून घेतलं. मी मान वळवली नाही. कॉटवर ती माझ्याकडं बघत होती. मी बघितलं तेव्हा तिनं तोंड भिंतीकडं केलं.

बाहेर व्हरांड्यात मी त्याची गचांडी धरली.

"कवापसून बे?"

"पाट लागला त्याच्या फुडल्या साली. तिला शंका व्हतीच. एकलीच आली, आपल्या हातानं ग्लास उचलला. मीच तिला गोळ्या चालू करायला पाठवलं. गोळ्या माझ्या चहापत्तीच्या डब्यात ऱ्हायच्या."

म्हणजे माठाचं पाणी. म्हणजे महिन्याचं माहेर, गोळ्या आणायचं.

"आन मला सांगायचं न्हाई?"

"तिनं पाय धरले माझे. ह्यांला कळलं तर मी पुन्यांदा रस्त्यावर, म्हणली."

"आन मी मेलो असतो तर, भाड्या?"

त्यानं गचांडी सोडवली नाही. खाली बघून म्हणाला, "म्हणून तर तुझा ग्लास मी उचलायचो."

तेव्हा मला उलगडलं. ड्रायव्हरांना दाखवायला माझं बोट लागत नव्हतं. माझं बोट टोचायला ड्रायव्हर लागत होते. इतकी वर्षं मी गमतीचा म्हातारा म्हणून ऐटीत बसत होतो आणि हे दोघं माझ्या रेघा बघत होते.

ती चार दिवसांनी गेली. तो रोग तिनं गोळ्यांनी दाबून ठेवला होता, त्यानं ती गेली नाही, आणि त्या गोळ्यांनीच तुम्हालाही वाचवलं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणाल्या असतील. ती माझ्याशी त्यावर एक शब्द बोलली नाही, आणि मलाही विचारायला तोंड झालं नाही.

तुम्ही म्हणाल, खरं कळलं असतं तर तू तिला ठेवलं असतंस का? मला माहीत नाही. ते कळायची पाळीच त्यांनी माझ्यावर येऊ दिली नाही. माझा राग त्या गोष्टीचाच आहे. मला परस्पर नापास करून टाकलं दोघांनी.

मातीला तो आला, लांब उभा राहिला. त्यानंतर मी टपरीची वाट सोडली. घरून दिसायची, तरी खिडकी लावून घ्यायचो. एके दिवशी शेजारचा पंक्चरवाला पिशवी घेऊन आला. टपरी मोडून तो लेकीकडं उमापूरला गेला होता. मला न सांगता. सांगायची सवयच नव्हती त्याला.

पिशवीत एक किट आणि त्याचा तो मोठा स्टीलचा ग्लास. पंक्चरवाला म्हणाला, "मामानं सांगितलंय, वयनी जाऊन तीन महिने झाल्यावर एकदा करा म्हणून. पुन्हा कराया नको."

उमापूर काही लांब नाही, एसटी जाते. मी जाणार नाही.

परवा केलं. बोट टोचलं. इतक्या वेळा टोचलं, पण दुखलं या वेळीच. पट्टीवर ग्लास पालथा घातला, चहा ठेवला, तो उतू गेला. वेळ झाल्यावर हात पुढं केला आणि हवेतच थांबलो. चापट बसेल म्हणून.

घरात कुणी नव्हतं. उचलला.

एकच रेघ.

ग्लास धुतला आणि खिडकीत ठेवला, सुलटा. बसू दे राख.