पेवातली पणती

मायच्या हाताला माप आहे, असं आमच्या आळीतल्या बाया कौतुकानं म्हणत. मला त्या मापाची धास्ती होती. कमावणारा एकटा बा. तो अमरावतीला एका वखारीत कापूस तोलायचा, पंधरवड्यातून एकदा तिवशाकडच्या आमच्या गावी पायी यायचा आणि आणलेलं सगळं मायच्या ओच्यात घालून दुसऱ्या दिवशी निघायचा. खाणारी तोंडं सहा. शेत नव्हतंच.

ते दिवस कापसाचे. वऱ्हाडात सोनं पिकतं असं लोक म्हणत, आणि ज्यांच्या जमिनी त्यांच्या बैलांच्या शिंगांनाही पितळी शेंब्या आल्या होत्या. आमच्या वाट्याला त्या सोन्यातली महागाई तेवढी आली. सगळ्या काळ्या रानात कापसाची पऱ्हाटी उभी राहिली, मग ज्वारी पेरतो कोण? मायनं हे आधीच ओळखलं. सुगीतच तिनं पायातल्या तोरड्या मोडून ज्वारी घेतली आणि परसातल्या जुन्या पेवात भरली. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं कोठार. तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं, आत दीड पुरुष खोल. कडेनं कडबा, तोंडावर दगड, वर माती लिंपलेली.

तेवढ्यावर पुढची सुगी गाठायची होती. भाकरी पातळ झाली, अंबाडीची भाजी घट्ट होती ती पाण्यासारखी झाली. तेलाचं तर विचारूच नका. जवसाचं तेल माय लाकडी पळीनं घेई, तेही अर्धी पळी, आणि तेवढ्यात दिवा विझायच्या आत सगळ्यांनी जेवून अंथरुणावर असलं पाहिजे. तेल सांडलं की पाठीत धपाटा ठरलेला. मी मोठी, म्हणून धपाटे बहुतेक माझेच.

वैशाखाच्या शेवटी घरातले दाणे सरले आणि पेव उघडायची वेळ आली. गावात हे काम जाणणारा एक म्हातारा होता. आतली कोंडलेली वाईट हवा निघून जावी म्हणून तो पेवाचं तोंड उघडून एक दिवस तसंच ठेवी, मग आत दिवा सोडून पाही, आणि दिवा तगला तरच माणूस उतरवी. त्याला पायलीभर ज्वारी द्यावी लागे. शिवाय पेव उघडलं की आळीतल्या प्रत्येक घरी सूपभर दाणे देण्याची रीत. मायनं मनाशी हिशेब केला आणि म्हाताऱ्याला बोलावलं नाही. बा आला होता त्याच दिवशी तिनं सकाळी दगड सरकवला, कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून तोंडावर चटई टाकली, आणि दुपारी आळी रानात गेल्यावर काम उरकायचं ठरवलं.

पणती भरायला मला सांगितलं. अर्धी पळी, असं बजावून. पण शेजारच्या गावात पेवात उतरलेला एक माणूस परत वर आला नव्हता, ते मी ऐकलं होतं. बा खाली असताना दिवा सरला तर? मायची पाठ वळलेली पाहून मी तीन पळ्या तेल ओतलं.

चटई काढली तेव्हा आतून आंबूस, कोंदट वास आला. मायनं टोपलीत पणती ठेवून दोरीनं खाली सोडली. हातभर खाली गेली, दोन हात गेली, आणि वारा नसताना ज्योत बसत गेली आणि विझली. मी पाहत होते. टोपली वर ओढून मायनं पणतीत नीट पाहिलंसुद्धा नाही.

"तेल सरलं असन," ती म्हणाली. "कितीसं होतं त्यात."

बानं मान हलवली. घरातला दिवा असाच विझतो हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक लिंबाच्या बुंध्याला बांधलं आणि पाय आत सोडले. बोलावं तर तीन पळ्यांचा जाब द्यावा लागणार होता. बाची छाती आत गेली, खांदे गेले, मुंडासं गेलं. काठावर नुसती बोटं उरली.

"बा, वर ये," मी म्हणाले. "पणतीत तेल हाय. म्या लय वतलं होतं."

मायनं पणती उचलली. तेल तिच्या मनगटावरून ओघळलं. तिनं जमिनीवर अंग टाकून बाचे दोन्ही हात धरले तेव्हा ते सैल पडायला लागले होते. मी दोर ओढला. कसा आला ते सांगता येत नाही, पण आला. तोंड राखेसारखं झालेलं. लिंबाखाली बसून तो कितीतरी वेळ ओकत होता.

माय माझ्याकडे वळली. "आधी काहून बोलली नाई?"

"तू मारशीन म्हणून."

तिनं मारलं नाही. ती उठली, म्हाताऱ्याला बोलावून आणलं आणि चटई घरात नेऊन टाकली. दुसऱ्या दिवशी दिवा तगल्यावर म्हाताऱ्यानंच ज्वारी काढली. त्याला पायली गेली, आळीला सुपं गेली. बा निघायला लागला तर माय म्हणाली, "आज नका जाऊ. एक रोज बुडला तर बुडू द्या." एक रोज बुडवणं हे तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. बा हसला, पण राहिला.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्याला गावाच्या शिवेपर्यंत सोडायला गेलो. तो अमरावतीच्या वाटेला लागला, दिसेनासा झाला, तरी माय उभीच. एवढ्या एका माणसावर आपण सहाजण जगतो हे मला तिच्याकडे पाहून तेव्हा पहिल्यांदा कळलं. परत येताना ती अर्ध्या वाटेवर थांबली.

"एवढी भेतं काय वं तू मले?" तिनं विचारलं.

मी नाही म्हटलं. माय माझ्याकडे बघत राहिली, आणि मी खोटं बोलले हे तिला कळलं.