आधी पत्र, मग फोन

आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या काकांनी मेलेल्या माणसांबद्दल जितकं सुंदर लिहिलं, तितकं अख्ख्या विक्रोळीत कुणी जिवंत माणसांबद्दल लिहिलं नसेल. कंपनीच्या टूलरूममध्ये पस्तीस वर्षं लोखंड घासलेला हा माणूस मूळचा नगरकडचा, ख्रिस्ती. त्यांचे आजोबा तिकडच्या खेड्यांतले पाळक होते. त्या काळी एकेका पाळकाकडे दहा-बारा गावं असायची, म्हणून दुष्काळात, पटकीच्या साथीत हे पाळक आपल्या मंडळीला, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती लोकांना, पत्रांनी धीर द्यायचे. आजोबांच्या हाती कुणाही पाळकाचं असं पत्र लागलं की ते उतरवून ठेवायचे. त्यातून झालेली जाडजूड वही काकांकडे आली. सकाळचा चहा झाला की त्यातलं एक पत्र वाचायचं, समासात पेन्सिलीने खूण करायची आणि मगच वर्तमानपत्राला हात लावायचा. "माझी शाळा-कॉलेज सगळं हेच," असं ते म्हणायचे, आणि वही पुसून फडक्यात बांधून ठेवायचे.

रोज वाचून ती भाषा त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की त्यांना साधं काही लिहिताच येत नसे. एकदा सोसायटीच्या सेक्रेटरीने त्यांना टाकी धुण्याची नोटीस लिहायला सांगितली. काकांनी लिहिलं, "प्रिय बंधुभगिनींनो, तुम्हांस कृपा व शांती असो. पाण्यावाचून जाणारा दिवस कठीण असतो हे आम्ही जाणतो. तरी एकमेकांस विसरू नका. ज्याच्या घरी भरलेला हंडा आहे त्याने शेजाऱ्याचे दार वाजवावे." तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी ती वाचून जिन्यातच डोळे पुसायला लागल्या. सेक्रेटरी मात्र ओरडत वर आला, "काका, झकास लिहिलंत, पण पाणी कधी जाणार ते कुठाय? वाट लागली ना यार सगळ्यांची!" वार आणि वेळ दोन्ही राहून गेले होते. पण त्या दिवशी खरोखरच लोकांनी एकमेकांना हंडे दिले, हेही सांगायला हवं.

पण त्यांचा खरा प्रांत सांत्वनाचा. त्याचे नियम त्यांनी वहीतून काढले होते आणि त्यात ते कुणाचं ऐकत नसत. गेलेल्या माणसाचं नाव पत्रात तीनदा तरी आलं पाहिजे. उपदेश पहिल्या पानावर नको, दुसऱ्या पानावरही नसला तर उत्तम. शेवटी एखादं लहानसं काम सांगायचं, म्हणजे माणूस उठतो. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे दुःखाच्या घरी आधी पत्र गेलं पाहिजे, फोन त्यानंतर. माझे बाबा गेले तेव्हा समोरच्याच दारातून, चार पावलांवरून, मला पाकीट आलं. बाबा भाजी घ्यायला गेले की प्रत्येक वांगं कानाशी नेऊन वाजवून बघायचे, हे त्यात होतं. मी स्वतः ते विसरले होते. शेवटी लिहिलं होतं, "आईच्या चष्म्याची काडी मोडली आहे, ती आज नीट करून आण." आईने पत्र दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "मेलेल्या माणसाबद्दल इतक्या बरा लिवतत, जित्यांका कधी लिवतले?"

तसं जित्यालाही त्यांनी एकदा लिहिलं, पण चुकून. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ फार आजारी होते, डॉक्टरांनी आशा सोडली होती. पत्राला उशीर नको म्हणून काकांनी त्यांच्या बायकोसाठी सांत्वनपत्र आधीच लिहून ठेवलं. गृहस्थ बरे होऊन घरी आले. काकांनी आनंदाने अभिनंदनाचं पत्र लिहिलं आणि पाकिटात घातलं नेमकं दुसरंच. गृहस्थांनी पलंगावर बसून स्वतःवरचं ते पत्र वाचलं आणि बायकोला हाक मारली, "अगं, ऐक, मी किती चांगला होतो बघ!" पुढे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. काका मात्र महिनाभर दुसऱ्या जिन्याने ये-जा करत होते.

आणि मग त्यांचा स्वतःचा मुलगा गेला. नाशिकला असायचा, बायको आणि लहान मुलगी. चाळिशीही नव्हती, छातीत कळ आली आणि संपलं. काका गेले, दफन झालं, पाच दिवसांनी परत आले. तिथे त्यांनी आल्यागेल्या प्रत्येकाची समजूत घातली म्हणे. फक्त सुनेशी एक शब्द बोलले नाहीत. तिला पत्र लिहायचं, नीट लिहायचं, असं त्यांच्या मनात होतं. रोज सकाळी ते टेबलाशी बसायचे. "प्रभूमध्ये प्रिय मुली" एवढं लिहून व्हायचं आणि दुपारी तोच कागद फाडलेला दिसायचा. असे चाळीस दिवस गेले.

एका रविवारी सुनेने मलाच फोन केला. "ताई, बाबा माझ्यावर रागावलेत का हो? ह्यांच्या छातीत दुखत होतं तर मी ॲसिडिटीची गोळी दिली. लगेच दवाखान्यात न्यायला हवं होतं. म्हणून बोलत नाहीत ना?"

मी तशीच समोर गेले आणि त्यांच्यावर चक्क ओरडले. "काका, ती स्वतःला दोष देत बसलीय तिकडे! पत्र राहू दे, फोन करा आधी!"

त्यांचा चेहरा पांढरा पडला. तरी म्हणाले, "अगं पोरी, आधी पत्र. रिकाम्या हाताने कसा जाऊ तिच्यापुढे?" मग वही माझ्यापुढे सरकवली. "यात दुष्काळ आहे, पटकी आहे, विधवा आहेत, पोरकी पोरं आहेत. खुणा केलेली सगळी पत्रं चाळली, पाळकाचं स्वतःचं लेकरू गेल्याचं कुठे सापडत नाही मला. तू बघ."

आम्ही दोघांनी मिळून एकेक पान उलटलं. एका पाळकाची पत्रं दर महिन्याला होती, आणि मध्येच सहा महिने काहीच नव्हतं. त्यानंतर दोन ओळी होत्या. "माझा मुलगा वारला. मला लिहिता येत नाही, तुम्ही मला लिहा." काकांनी ते पत्र आयुष्यभर वाचलं होतं, पण शिकण्यासारखं काही नाही म्हणून त्यावर पेन्सिलीची खूणही केली नव्हती.

त्यांनी त्या ओळींवरून एकदा बोट फिरवलं. मग कोऱ्या कागदावर त्यांनी तेवढंच लिहिलं, फक्त "तुम्ही मला लिहा"च्या जागी "तू मला लिही" घातलं आणि खाली "यात तुझी काही चूक नाही" अशी ओळ घातली. मी लगेच त्याचा फोटो काढून सुनेला पाठवला. पाचव्या मिनिटाला त्यांचा फोन वाजला. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून तो स्पीकरवर होता. पलीकडून ती "बाबा" म्हणाली आणि हा अख्ख्या विक्रोळीला धीर देणारा माणूस मोठमोठ्याने रडायला लागला. मग तीही रडायला लागली. मी दार ओढून घेतलं आणि जिन्यात जाऊन बसले.

आता ते नाशिकला सुनेकडेच असतात. इथे कुणी गेलं तर कुणाला पाकीट येत नाही, आम्ही मोबाइलवर जोडलेले हात पाठवतो आणि आपलं काम झालं असं समजतो. परवा मी त्यांना फोन केला होता. नातीचा अभ्यास, तिथली थंडी, गुडघे, सगळं बोलून झालं. ठेवताना ते एकदम म्हणाले, "चाळीस दिवस एकटी ठेवली गं मी तिला. शब्द शोधत बसलो." मी फोन कानाला धरून तशीच बसले, आणि तेही पलीकडे तसेच बसून राहिले.