मोरांच्या ट्रेलरवरून आलेली गाडी

कुठलीही गाडी निघण्याआधी मामा तिला एक पूर्ण फेरी घालत. गाडी कुणाची का असेना. भाजीवाल्याचा टेम्पो असो, शाळेची रिक्षा असो, नाहीतर माझी स्कूटर. प्रत्येक चाकाला पायाची एकेक ठोकर, मग कमरेत वाकून गाडीच्या पोटाखाली नजर, मग सरळ होऊन दोन्ही हात झटकणं. ज्याची गाडी असायची तो घड्याळाकडे बघत उभा. मामा शांतपणे म्हणायचे, "चला. घाई कुनाला हाय?"

घाई सगळ्यांनाच असायची, पण हे त्यांना सांगायचं कुणी?

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. नात्याचा कुणाचाच नाही, पण सगळ्यांचा मामा. आमचे मामा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. बीडमधल्या आमच्या कॉलनीत त्यांचं घर माझ्या घराला लागून. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो म्हणून ते मला सर म्हणत आणि रस्त्यांच्या बाबतीत माझ्यावर जराही विश्वास ठेवत नसत. "नकाशात घाट दिसतो का, सर? मग कशाचा भूगोल?"

चार वर्षांपूर्वी तुळशीचं लग्न झाल्यावर एका सकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. चहा घेतला, बशी पालथी घातली, सरळ केली.

"चौसाळ्याला जायचंय. तुमी चला संगं."

"मी कावून?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"तुमी सर हाय. तुमच्यासमोर मला कुनी लई बोलनार न्हाई."

मामांना कुणीतरी बोलेल आणि त्याची मामांना भीती वाटेल, ही गोष्ट मला नवीन होती. मग त्यांनी सांगितलं.

चौसाळ्याला एक डॉक्टरीणबाई होत्या. एसटीत लागण्याआधी, पोरसवदा वयात मामा त्यांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. बाईंच्या वडिलांनी घेतलेली मोतिया रंगाची, गोल डोळ्यांची जुनी मोटार. तिच्यातून बाई आसपासच्या गावांत बाळंतपणं करायला जात. एक दिवस एसटीची ऑर्डर आली. सांगायला तोंड होईना म्हणून मामांनी किल्ली दवाखान्याच्या खिडकीत ठेवली आणि बाईंना न सांगता बीडला निघून आले. नंतर कितीतरी वर्षं ते सोलापूरची बस घेऊन त्याच दवाखान्यासमोरून गेले. एकदाही थांबले नाहीत.

"थांबा होता की तिथं," मी म्हणालो.

"थांबा गावचा व्हता. माजा न्हवता."

आता बाई थकल्या होत्या. दवाखाना बंद करून पुण्याला लेकीकडे निघाल्या होत्या. गाडी भंगारात देण्याआधी त्यांनी निरोप धाडला होता, माझ्या ड्रायव्हरला विचारा, त्याला हवी का. छत्तीस वर्षांनंतरही बाई 'माझा ड्रायव्हर' म्हणाल्या, हे मामांनी मला दोनदा सांगितलं.

गाडी बारा वर्षं जागेवरून हललेली नव्हती. इंजिन जाम झालेलं, ब्रेकचा भरवसा नाही. ती आणायची कशी, यावर कॉलनीत तीन दिवस चर्चा झाली. कुणी म्हणालं, दोरीनं टोचन करून आणा. मामा म्हणाले, "बाईंच्या गाडीला दोरी? ती काय बाजारची म्हैस हाय का?" क्रेनवाल्यानं सांगितलं, पुढून उचलतो, मागची चाकं रस्त्यावर चालतील. मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं आपणहून फोन खिशात घातला. उसाची ट्रॉली फार उंच. पोकलेन वाहणारा खालच्या पाट्याचा ट्रेलर होता, पण त्याचा मालक पंधरा दिवस मोकळा नव्हता आणि भंगारवाला गुरुवारी येणार होता.

शेवटी नेकनूरचे बँडवाले चाचा सापडले. त्यांच्याकडे ट्रॅक्टरला जोडायचा लांबरुंद, बुटका ट्रेलर होता. त्यावर वरातीचा साउंड चढायचा. मामांनी नेकनूरला जाऊन ट्रेलरला फेरी घातली, खाली झोपून आस पाहिला आणि उठून म्हणाले, "सांगाडा मजबूत हाय. पन हे काय?"

ट्रेलरच्या चारी कोपऱ्यांना चार पत्र्याचे मोर होते, पिसारा फुलवलेले. मधोमध गुलाबी कमळांची कमान, तिला बारीक दिव्यांच्या माळा.

"ये नक्को निकालो मामू," चाचा म्हणाले. "परवा बीडात वरात हाय. मोर वेल्डिंगचे हाय. कमान काढली तर परत कवा लावू?"

मामा बराच वेळ मोराकडे बघत राहिले. गुरुवार परवावर आला होता. "चालतंय," ते म्हणाले, "मोर काय गाडीला चावनार न्हाईत."

अशा रीतीने बुधवारी सकाळी ट्रॅक्टरवर चाचा आणि ट्रेलरवर मोरांच्या मधे आम्ही दोघं चौसाळ्यात शिरलो. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. पांढरी साडी, जाड चष्मा, हातात काठी. मामा ट्रेलरवरून उतरले आणि माझ्या मागे उभे राहिले. मी साडेपाच फूट, ते सहा फूट. लपणं कठीण होतं.

बाईंनी आधी मोर पाहिले, मग कमान पाहिली, मग मला बाजूला व्हायची खूण केली.

"किती वर्षं लावलीस रे?"

"छत्तीस, बाई."

"खिडकीतली किल्ली मला दोन दिवसांनी सापडली. तू गेलास त्या रात्री बैलगाडीतून बाळंतपणाला गेले होते मी."

मामांची मान खाली गेली. मी सर असल्याचा काहीच उपयोग होत नव्हता. बाई काठी टेकत उठल्या, गाडीच्या डाव्या दारापाशी गेल्या. दारावर चांगला हातभर पोचा होता.

"हे मी केलं," बाई म्हणाल्या. "तू गेल्यावर महिनाभरात गाडी शिकले. चिंचेला घातली. तू राहिला असतास तर मी कधी शिकलेच नसते. चोवीस वर्षं एकटीनं चालवली मग." त्या थांबल्या. "एसटीत पगार वेळेवर होता का?"

"व्हता, बाई."

"मग बरं केलंस. पण सांगून जायचं."

"चुकलं," मामा म्हणाले. तेवढंच. पण त्यानंतर त्यांच्या खांद्यांची उंची दोन बोटं वाढल्याचं मी स्वतः पाहिलं.

मग गाडी चढवायची वेळ आली. मी पायपंपानं चारी चाकांत हवा भरली. त्याला तासभर लागला आणि माझा सदरा पाठीला चिकटला. चाचांनी स्टेजच्या फळ्या लावल्या. गावातले सहा जण ढकलायला आले. गाडी निम्मी चढली आणि तिचं टप कमानीच्या कमळाला अडलं. चार बोटं जास्त.

"कमळ कापा," बाई पायरीवरून म्हणाल्या. चाचांनी छातीवर हात ठेवला.

मामांनी एक फेरी घातली, वाकून पाहिलं, माझ्याकडे न बघता चारी चाकांतली हवा सोडली. तासाभराचं माझं काम दोन मिनिटांत सुस्कारत बाहेर पडलं. गाडी खाली बसली आणि कमळाखालून अलगद आत गेली. चाचांनी तिला पट्ट्यांनी चारी बाजूंनी जखडलं. मामांनी प्रत्येक पट्टीखाली आपल्या हातानं गोधडीचे तुकडे कोंबले, रंग घासू नये म्हणून.

"घरी पोचलास की फोन कर," बाई म्हणाल्या. "आणि हळू ने."

हळू न्या हे मामांना सांगायची ही जगातली पहिलीच वेळ असावी.

मामा गाडीत चढून स्टिअरिंगवर बसले. चाचा म्हणाले, गाडी बांधलीय, आत बसायची गरज नाही. मामा म्हणाले, "गाडी रस्त्यावर हाय आन् डायवर भायेर, असं कुटं असतं का?" मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलो.

आता तुम्ही हे रस्त्यावरून बघा. ट्रॅक्टर बैलगाडीच्या चालीनं चाललाय. मागे चार मोर, गुलाबी कमळांची कमान, कमानीत जुनी मोटार आणि मोटारीत एक पिळदार मिशांचा माणूस, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. मागे वाहनांची रांग. मांजरसुंब्याला पोचेपर्यंत हॉटेलांतून लोक बाहेर येऊन उभे राहिले होते. एकानं चहाच्या टपरीवरच्या तसबिरीचा हार काढून मामांच्या गळ्यात घातला.

"साहेब, कोन्त्या सीटवर निवडून आलाव?"

"डायवरच्या," मामा म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाचांनी चहा घ्यायला ट्रॅक्टर थांबवला, तेवढ्यात सीताफळं विकणारी एक म्हातारी टोपली डोक्यावरून उतरवून ट्रेलरजवळ आली. तिनं गाडीच्या पत्र्यावर तळवा ठेवला.

"ही डॉक्टरीणबाईची गाडी ना? माजा थोरला हिच्यात झाला."

मामांनी काच खाली घ्यायचा प्रयत्न केला. ती निम्म्यात अडकली. ते वाकून त्या फटीतून म्हणाले, "नेकनूरच्या अलीकडं. वढ्याला पानी आलतं."

म्हातारीनं फटीतून आत वाकून पाहिलं. "तुमी व्हता का गाडीवर?"

"मी तिकडं तोंड करून बाभळीखाली उभा व्हतो. बाई वरडत व्हत्या, कंदील धर, कंदील धर. मी पाटमोराच कंदील धरला."

"आता जेसीबी चालवतोय त्यो," म्हातारी म्हणाली. मग तिनं टोपलीतली निवडून पाच सीताफळं त्या फटीतून एकेक करून आत सोडली. पैसे देऊ केले तर हात मागे घेतला. गळ्यातला हार मामांनी काढून शेजारच्या सीटवर सीताफळांजवळ ठेवला.

घाटाची त्यांना सगळ्यात काळजी होती. उतार लागला तसे ते गाडीतून ओरडू लागले, "गेर खालचा घ्या, चाचा. ब्रेकवर नका जाऊ." चाचांनी गेर बदलला, ट्रॅक्टरला हिसका बसला, आणि त्या हिसक्यानं ट्रेलरखालच्या पेटीतलं काय कुठं जोडलं गेलं कुणास ठाऊक, कमानीचे सगळे दिवे लागले आणि वरातीचं गाणं सुरू झालं. घाट दणाणला. मागच्या ट्रकवाल्यानं त्याच ठेक्यावर हॉर्न वाजवायला सुरुवात केली. चाचा उतारावर थांबायला तयार नव्हते आणि चालता ट्रॅक्टर सोडून पेटीपाशी जाता येत नव्हतं. मी मागे पाहिलं. मामा गाडीत बसून, ज्या ब्रेकचा भरवसा नव्हता त्याच्यावर उजवा पाय दाबून धरून होते. घाट संपून पाली गाव येईपर्यंत त्यांनी तो उचलला नाही. पालीला उतरवलं तेव्हा तो पाय जमिनीला टेकेना. आम्ही दोघांनी धरून त्यांना रस्त्याच्या कडेला चालवलं.

"गाडी तर बांधलेली होती, मामा," मी म्हणालो.

"ते तुमाला आन् मला म्हाईत, सर. पायाला कुटं म्हाईत?"

कॉलनीत पोचलो तेव्हा कमानीचे दिवे मिणमिणत होते आणि गाणं बंद करायचं बटन चाचांना पालीतही सापडलेलं नव्हतं. बायका ओवाळणीची ताटं घेऊनच दारात आल्या. कुणाची वरात हे नंतर बघू म्हणून. मामींनी फाटक उघडलं. कमळांच्या कमानीत आपला नवरा बसलेला त्यांनी पाहिला आणि पदर खोचला.

"या वयात दुसरी आनली व्हय?"

"पयलीच हाय," मामा म्हणाले. "तुज्या आधीची."

मामी हसल्या नाहीत. आत गेल्या, भाकरीचा तुकडा घेऊन आल्या, गाडीवरून ओवाळून टाकला, चाकावर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "घ्या आत." मामांनी तिथूनच फोन लावला.

"बाई, पोचली. वरखडा न्हाई."

पलीकडून बाई म्हणाल्या, "आता मी निवांत झाले." मामा म्हणाले, "मी बी." आणि पाठ फिरवून उगाच एका मोराची मान तपासू लागले.

पुढचं वर्षभर मामांनी त्या गाडीशिवाय दुसरं काही केलं नाही. पुढच्या अंगणात चार खांबांवर पत्रे टाकून तिला छप्पर केलं. सुटे भाग शोधत कुठे कुठे फिरले. दाराचा पोचा मात्र तसाच ठेवला, गॅरेजवाल्यानं हात लावला तर म्हणाले, "त्यो बाईंचा हाय." गाडी सुरू झाली त्या दिवशी सगळ्या कॉलनीला पेढे वाटले. त्यानंतर दर रविवारी मामा, मामी आणि मी असे आम्ही तिघं बिंदुसरेच्या धरणापर्यंत जाऊन यायचो. पुढे ते दोघं, मागे मी. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जायचे आणि वळून बघायचे.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. पुण्याहून बाई आल्या नाहीत, येण्यासारख्या राहिल्या नव्हत्या. त्यांच्या लेकीचा फोन आला.

महिन्याभरानं मामींनी मला हाक मारली. "सर, गाडी जरा सुरू करून द्या. बॅटरी उतरती म्हनत व्हते."

मी स्टिअरिंगवर बसलो. दुसऱ्या खेपेला इंजिन लागलं. मामी मागचं दार उघडून आत बसल्या, मांडीवर हात ठेवून.

"कुठं जायचं, मामी?"

"कुटं न्हाई. जाग्यावरच असू द्या."

इंजिन एका लयीत चालू होतं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "रातच्याला डोळा लागत न्हाई, सर. घर लई गुमान वाटतं." पाच-दहा मिनिटं गेली असतील. आरशात पाहिलं तर त्यांचं डोकं खिडकीच्या काचेला टेकलं होतं आणि तोंड किंचित उघडं होतं. गाढ झोप लागली होती.

शाळेची वेळ होत आली होती. मी तसाच बसून राहिलो. इंजिन काही बंद केलं नाही.