साहेबांनी फडकं बांधलं नाही

आज इतक्या वर्षांनीही कुणी माझ्यासमोर ‘खेड्यातल्या बायका अडाणी’ म्हटलं की माझ्या मस्तकात तिडीक जाते. अडाणी कोण होतं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात फ्ल्यूची साथ मुळशीत घराघरांत शिरली होती. मी तिथल्या एका लहानशा दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीवर नर्स होते. खाटा चार. साथीपुरता नियम मीच केला होता: आत फक्त बाळंतिणी, बाळं आणि तोंडाला दुहेरी फडकं बांधलेली मी. डॉक्टरसुद्धा फडकं बांधूनच यायचे. कारण आमच्याकडे बाळाला न्हाऊ घातलं की घरातली म्हातारी त्याच्या नाकाकानांत फुंकर मारते, आणि त्या दिवसांत कुणाची फुंकर काय घेऊन येईल याचा भरवसा नव्हता.

मुठा खोऱ्यातली एक पोर बाळंत झाली. आधीची दोन मुलं गेलेली, हा तिसरा. चांगला गुटगुटीत. तिची सासू भाताची लावणी अर्धी टाकून, पदराखाली तेलाची बाटली धरून आली.

“बाई, येकदा न्हाऊ घालू द्या. टाळू भरते अन् जाते.”

“नाही म्हणजे नाही!” मी खेकसले. “नातू जगायला हवाय ना? मग बाहेर बसा.”

ती खरंच बसली. पडवीत, भिजल्या घोंगडीवर. सून खिडकीशी बाळ धरायची आणि ही लांबूनच कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची. पाचवीसुद्धा तिनं पडवीतच पुजली. उंबऱ्याच्या आत पाऊल म्हणून टाकलं नाही.

सहाव्या दिवशी पुण्याहून जीपमधून एक साहेब आले, साथीचा बंदोबस्त बघायला, सोबत एक फोटोवाला. डोळे लाल, नाक गळतंय, खोकून खोकून बेजार. तसेच थेट आत! मी फडकं पुढे केलं.

“अहो बाई, साधी प्रवासाची सर्दी आहे,” म्हणाले. त्यांना बाळ हातात घेऊन फोटो काढून घ्यायचा होता. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी माझ्यावरच डोळे वटारले. आणि मी, म्हातारीपुढे वाघीण झालेली मी, मुकाट्यानं तिचाच नातू उचलून त्यांच्या हातात दिला. साहेब त्याच्या तोंडावरच शिंकले. हसले. फोटोवाल्यानं दुसऱ्यांदा फोटो काढला.

दोन दिवसांनी बाळ तापलं. दूध ओढेना. मी चमच्यानं थेंब थेंब पाजत राहिले, तेही ओठांतून ओघळायचं. तापाच्या तिसऱ्या दिवशी भर दुपारी ते गेलं.

कागद झाल्याशिवाय बाळ हलवता येत नव्हतं. कारणाच्या जागी डॉक्टरांनी लिहिलं, ‘घरच्या माणसांकडून संसर्ग’. मी म्हटलं, घरचं माणूस आत आलंच कुठं? ते म्हणाले, “बाई, तुम्हाला नोकरी करायचीय ना? सही करा.” जळो ती नोकरी! पण तेव्हा मी सही केली.

मग बाळाला पांढऱ्या कापडात गुंडाळून पडवीत नेलं. म्हातारी उठून उभी राहिली, पण पुढे येईना. बाटली हातात तशीच होती, भरलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं.

“बाई,” ती म्हणाली, “आता तरी हात लावू का?”