बॉनेटच्या मधली रेघ

फोन मामीचा होता. मी प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सही घ्यायला स्टाफरूमकडे निघाले होते. मामी म्हणाली, "बाय, तुझो मामा गेलो गो..." मागे कुणाचं तरी रडणं, भांड्यांचा आवाज. आणि मग अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं ती म्हणाली, "काकूंची गाडी अर्धीच ऱ्हवली."

त्या दिवशी मला ते वाक्य विचित्र वाटलं. माणूस गेला आणि हिला गाडीचं काय पडलंय? आज सहा आठवड्यांनी वाटतं, त्या सकाळी मामाबद्दल सगळ्यात खरं तेवढंच बोललं गेलं होतं. मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे लिहायचं काम आलं की सगळे माझ्याकडे बघतात, एवढंच. शिवाय मामाने माझ्याकडून एक वचन घेतलं होतं, ते या लेखात मोडावं लागणार आहे. म्हणून आधी मामीला विचारलं. ती म्हणाली, "लिही. आता कोणापासून लपवतलस?"

दिगूमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. दहिसरला नदीच्या बाजूच्या चाळीत तो आणि मामी, दोघंच राहायचे. आजोबा गिरणीत होते, गिरणी गेली, आणि मामा शाळा सोडून एका गॅरेजमध्ये लागला. तिथे त्याला कळलं की आपल्याला इंजिनात नाही, गाडीच्या अंगात रस आहे. मग स्कूटरला दोन बादल्या लटकवून तो दहिसर, बोरिवली, मालाडच्या बिल्डिंगांमध्ये जाऊ लागला. त्याला कुणी गाडी धुणारा म्हटलं की तो शांतपणे सांगायचा, "धुणारे रोज येतत. मी वर्षातना एकदा येतंय."

त्याचं काम होतं मातीचं. क्ले म्हणतात तिला, निळसर रंगाची, कणकेसारखी मऊ वडी. गाडी धुतली तरी रंगात रुतून बसलेली घाण निघत नाही. रुळांवरून उडणारी लोखंडाची धूळ, झाडाचा चीक, नव्या टॉवरांचं सिमेंट. डोळ्यांना गाडी स्वच्छ दिसते, पण हात फिरवला की बारीक रवा पसरल्यासारखं लागतं. मामा सावलीत गाडी घ्यायचा, शाम्पूच्या पाण्याने पत्रा ओला करायचा आणि मातीची चपटी वडी सरळ रेषेत मागेपुढे फिरवायचा. आधी खर्र खर्र आवाज यायचा, वडी अडकायची. मग कण मातीत ओढले जायचे, आवाज बंद व्हायचा, आणि वडी अशी सुळकन घसरायची की बघणाऱ्यालाही बरं वाटावं. मग वडी दुमडायची, स्वच्छ बाजू बाहेर काढायची आणि पुढच्या वीतभर जागेकडे जायचं. "दाबू नको गो," तो मला सांगायचा, "झोपलेल्या पोराच्या अंगार फिरवतत तसो हात फिरव."

काम झालं की नाही हे बघायची त्याची युक्ती म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पिशवी. पिशवीत हात घालून पत्र्यावर फिरवला की उरलेला एकेक कण मोठा होऊन बोटांना लागतो. पातळ पिशव्यांवर बंदी आली तेव्हा सगळे कापडी पिशव्या शोधत होते आणि मामा चाळभर फिरून जुन्या पिशव्या गोळा करत होता. गादीखाली त्याने त्यांची चळत लावली होती. मामीने एकदा त्यातल्या एकीत कोथिंबीर बांधून ठेवली, तर हा माणूस दिवसभर तिच्याशी बोलला नाही.

त्या पिशवीतल्या हाताने तो गाडीची कुंडली सांगायचा. ही रुळांच्या बाजूला उभी असते, ही शिरीषाखाली, हिच्या शेजारी बांधकाम चाललंय. मालाडच्या एका साहेबांच्या गाडीवर हात फिरवून तो म्हणाला, "साहेब, गाडी माहुलाक जाता काय हो? तिथल्या रिफायनरीचो चिकट काळो ठिपको आसा." साहेब काही बोलायच्या आत पहिल्या माळ्याच्या गॅलरीतून बाईंचा आवाज आला, "माहुल? अहो, तुमची शनिवारची मीटिंग अंधेरीला असते ना?" मीटिंग म्हणजे माहुलच्या एका मित्राकडे पत्त्यांचा डाव होता, हे सगळ्या बिल्डिंगला कळलं. त्यानंतर मामाने नियम केला, गॅलरीत बायको असेल तर गावाचं नाव घ्यायचं नाही.

दुसरा नियम त्याच्याही आधीचा. माती खाली पडली की संपली. जमिनीवरची खडी तिला चिकटते, तीच वडी पुन्हा गाडीवर फिरवली तर रंगावर ओरखडे. कितीही नवी असो, पडलेली वडी तो लगेच खिशात टाकायचा आणि घरी मामीला द्यायचा. दुसरे लोक बायकोला गजरा आणतात, मामा पडलेली माती आणायचा. मामी तिची जनावरं करायची. बैल, कोंबडी, कुर्ली म्हणजे खेकडा... सगळी निळसर, अंगावर मळाचे ठिपके. ती माती कधी वाळत नाही, त्यामुळे मे महिन्यात छपराचा पत्रा तापला की खिडकीतल्या कोंबड्या हळूहळू बसायच्या. "अंड्यार बसली," मामा म्हणायचा. मामी त्यांच्या माना पुन्हा वर करायची.

मी पहिल्या वर्षाला असताना मामाने मला रविवारी सोबत बोलवायला सुरुवात केली. मला वाटलं, वर्गात तोंड न उघडणारी भाची जरा बाहेर पडावी म्हणून असेल. तो माझा हात पिशवीत घालून बॉनेटवर ठेवायचा. "हय काय लागता?" मी म्हणायचे, "खरखर." "आणि हय?" "गुळगुळीत." तो मान हलवायचा. परीक्षा घेतोय असं वाटायचं मला. तीनेक महिन्यांनी बोरिवलीत एका पांढऱ्या गाडीवर काम करताना मला फेस गुलाबी दिसला. मामाच्या बोटाला नंबरप्लेटच्या कडेने चांगलंच कापलं होतं, रक्त वाहत होतं आणि तो मजेत काम करत होता. "मामा, रक्त!" मी ओरडले. त्याने हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा हात आहे.

त्याने हात नळाखाली धरला. मग म्हणाला, "साखरेन बोटां मेली गो माझी. आधी पाय बधिर झाले, आता ही." सुरुवातीला त्याने कानाने काम भागवलं होतं, खर्र आवाज थांबला की जागा झाली. पण मग ठिकठिकाणी मेट्रोचं काम सुरू झालं आणि तेही ऐकू येईनासं झालं. म्हणून मी. मी परीक्षा देत नव्हते, त्याला बोटं देत होते. "गिऱ्हायकांक कळला तर कोण बोलावतला माका? हात हेच माझा सगळा. आणि मामीक तर बिलकूल नको, ती घराभायर सोडूची नाय." मी वचन दिलं.

मग त्याने लगेच, हाताला फडकं गुंडाळता गुंडाळता, सांकेतिक भाषा ठरवली. हा माणूस जास्त वेळ दुःखी राहूच शकायचा नाही. मी पिशवीतून हात फिरवायचा. कण लागले तर म्हणायचं, "मामा, पाणी?" गुळगुळीत झालं असेल तर, "मामा, चहा?" आणि मोठ्याने म्हणायचं, मेट्रोच्या कामाच्या आवाजातही ऐकू गेलं पाहिजे. मामा लगेच मालकाकडे वळून, हात हवेत फिरवत जाहीर करायचा, "झाली बघा साहेब! काचेवानी!"

यात एक चूक होती आणि ती आम्हां दोघांच्याही लक्षात आली नाही. "मामा, चहा?" हे वरच्या माळ्यांवर ऐकू जायचं आणि लोक चहा पाठवायचे. दरवाजे गुळगुळीत झाले की चहा, डिकी झाली की चहा. दोन-दोन कप, वर साखर दोन चमचे. मामाला तो विषासारखा. परत पाठवावा तर कारण सांगावं लागणार. मग मामा कप तोंडाला लावल्यासारखा करायचा, लोक आत वळले की माझ्यापुढे सरकवायचा आणि मी दोन्ही प्यायचे. एका रविवारी नऊ कप झाले. "संकेत बदलूया ना मामा," मी रडकुंडीला येऊन म्हटलं. "काय ठेवतलस? वडापाव?" तो म्हणाला आणि एवढा हसला की हातातली वडी खाली पडली. खिशात गेली. त्या आठवड्यात मामीने तिचा उंदीर केला.

मोठ्याने बोलायची सवय मात्र मला लागली. दुसऱ्या वर्षी तोंडी परीक्षेत मी उत्तर दिलं तेव्हा बाहेरून आलेल्या मॅडम म्हणाल्या, "अगं हळू, मी इथेच बसलेय." हे मामाला सांगितलं तर त्याने ते ज्याला त्याला सांगितलं.

शेवटचा रविवार बोरिवलीत सुलभाकाकूंच्या गाडीचा. काकू निवृत्त शिक्षिका, बासष्टाव्या वर्षी गाडी शिकल्या. नवऱ्याची लाल गाडी ते गेल्यापासून झाडाखाली कित्येक वर्षं उभी होती. तीच घेऊन त्यांना पहिल्यांदा एकटीने मालाडला बहिणीकडे जायचं होतं. मामाने शब्द दिला होता, "पुढच्या रविवारी तुम्ही गाडी रस्त्यार काढतलास." ती गाडी म्हणजे नुसती खरखर. संध्याकाळपर्यंत बाकी सगळं झालं, बॉनेट डाव्या बाजूने निम्मं झालं आणि उजेड गेला. मामाने वडी मळून गोल केली, डबीत ठेवली. "अर्धा ऱ्हवांदे. अर्धा ऱ्हवला काय परत येवक होया." शुक्रवारी पहाटे झोपेतच तो गेला.

दिवसकार्य झाल्यावर मी दहिसरला गेले. मामीने त्याची डबी माझ्यापुढे ठेवली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मामी, तुला एक सांगायचंय. मामाच्या बोटांना..." "माका म्हायत होता," ती म्हणाली. तिने खिडकीकडे बोट केलं. "आधी दोन-तीन महिन्यांनी एक जनावर व्हायचा. मागच्या दोन वर्षात बघ किती झाली. हातातना माती पडता म्हणजे हातात काय ऱ्हवला नाय, ह्या माका कळूचा नाय?" म्हणून ती रोज संध्याकाळी तेल लावायच्या निमित्ताने त्याचे तळवे तपासायची, कुठे जखम झाली नाही ना. तो समजायचा, बायकोचं प्रेम उतू चाललंय. "ता पण होताच," मामी म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो... खूप दिवसांनी.

मी डबीतली वडी तिच्यापुढे धरली. वाटलं, शेवटचं एक जनावर तिला करायचं असेल. तिने विचारलं, "पडली ही?" मी म्हटलं, "नाही." "मग माका कित्याक देतस? कामाची आसा ती."

त्या रविवारी मी एकटी बोरिवलीला गेले. गाडी धुतली. मग पिशवीत हात घालून, डोळे मिटून, बॉनेटवर डावीकडून उजवीकडे फिरवला. काच, काच, काच... आणि बरोबर मधोमध, रवा. एक सरळ रेघ होती तिथे. डोळ्यांना दिसत नव्हती. ज्याच्या बोटांना काही लागत नव्हतं त्याने ती इतकी सरळ सोडली होती. उरलेलं काम करायचं म्हणजे ती रेघ पुसायची. नाही केलं तर काकूंची गाडी तशीच, आणि मामाचा शब्द खोटा. वरून काकूंनी दोनदा खाली डोकावून पाहिलं.

मी शाम्पूचं पाणी मारलं. वडी चपटी केली. दाबायचं नाही, हे स्वतःलाच सांगत सुरुवात केली. खर्र, खर्र... मग आवाज कमी, मग नाही. दुमडायची, पुढे. दुपारी पुन्हा पिशवीत हात घातला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवला. रेघ कुठेच नव्हती. त्याचं कुठे संपलं आणि माझं कुठे सुरू झालं, मलाही सांगता आलं नसतं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, मोठ्याने, चांगलं चौथ्या माळ्यापर्यंत, "मामा, चहा?"

मग मी दचकले. कंपाउंडमध्ये मी आणि वॉचमन, दोघंच. मी खाली बसून फडकी पिळू लागले. थोड्या वेळाने काकू स्वतःच जिना उतरून आल्या. गाडीची चावी बोटात अडकवलेली, हातात ट्रे. ट्रेमध्ये दोन कप. त्यांनी ते बादलीशेजारच्या कट्ट्यावर ठेवले, त्या रविवारी ठेवायच्या तिथेच, आणि गाडीत जाऊन बसल्या. फाटकापर्यंत गाडी दोनदा बंद पडली. मग लाल बॉनेट झाडाच्या सावलीतून उन्हात गेलं, आणि मी दोन्ही कप प्यायले.