भिंतीपलीकडची मावशी

तांब्यातला शेवटचा घोट ती कधी प्यायची नाही. तो जमिनीवर ओतायची आणि ओघळ कुठे जातो ते बघत उभी राहायची. ओघळ तिला पाहिजे तसा गेला की मान हलवायची, नाहीतर म्हणायची, "उतार चुकला बगा."

आमच्या घरी ती पहिल्यांदा आली ती वास्तुशांतीची फुलं घेऊन. पाणी मागितलं, प्यायली आणि शेवटचा घोट थेट गॅलरीच्या नव्या फरशीवर ओतला. माझी बायको बघतच राहिली. पाणी जाळीकडे जायचं सोडून हॉलच्या दाराकडे निघालं होतं. "मिस्त्रीनं उलटा उतार दिलाय," मावशी म्हणाली आणि टोपली उचलून निघून गेली. मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. केसाच्या जाडीचा फरक पकडणं हे माझं काम. संध्याकाळी मी लेव्हल लावून पाहिली. उतार उलटाच होता.

द्वारका चौकातून टाकळीकडे जाताना आतल्या बाजूला आमची सोसायटी आहे. तिच्या वरच्या अंगाला मावशीचं अर्ध्या एकराचं वावर होतं. पालक, मेथी, कोथिंबीर आणि दसऱ्या-दिवाळीला झेंडू. अशी बाई तुम्हीही पाहिली असेल, कमरेला खोचलेला पदर, चिखलाने भरलेले पाय, आणि भाजी देताना जुडीवर चार काड्या जास्तीच्या. घर वावराच्या खालच्या टोकाला, गुडघाभर उंच जोत्यावर. घरात ती आणि तिचा नवरा, त्याला ती बाबाच म्हणायची. त्याला लकवा झाला होता. एक बाजू गेलेली, बोलणं फक्त तिलाच कळायचं. ती त्याला सकाळी उन्हात खाटेवर बसवायची आणि वाफ्यांना पाणी देताना लांबूनच त्याच्याशी बोलत राहायची. आमच्या खिडकीतून तिचा आवाज यायचा. "बाबा, आज मेथीला बारं देते. उद्या पालकाला." तो हात वर करायचा.

आमची इमारत जिथे उभी आहे तिथून पूर्वी एक ओहळ वाहायचा आणि खाली गोदावरीला मिळायचा, हे तिनेच मला सांगितलं. फ्लॅट घेताना आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ओहळ बुजवून खालून सिमेंटचा पाइप टाकला होता.

"पाइप मोठा आहे मावशी," मी म्हणालो होतो.

"मोठा हाय. पण त्याचं दुसरं टोक नदीत हाय. नदी फुगली का ते बुडतं. मग पाणी कुटून जाईल?"

मी इंजिनिअर. पाइपाचं ते टोक मी पाहिलंही नव्हतं.

आम्ही राहायला गेल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात ते घडलंच. वरच्या अंगाला पूर्वी वावरं होती. त्यांच्या जागी बंगले, रस्ते, पेव्हर ब्लॉकची अंगणं झाली होती. जे पाणी मातीत मुरायचं ते आता पळत खाली येत होतं. त्यात धरणातून पाणी सोडलेलं, नदी फुगलेली. सगळा लोंढा मावशीच्या वावरातून आमच्या पार्किंगमध्ये शिरला. तळमजल्यावरचे फ्रीज तरंगले, गाड्या बुडाल्या. मावशीचं जोतं मात्र वीतभर वर राहिलं. ती आमच्या तळमजल्याच्या बायकांना घरी नेऊन चहा पाजत होती.

त्यानंतरच्या सभेत एकमताने ठरलं की वरच्या बाजूला भिंत बांधायची. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. भिंतीचं ड्रॉइंग मीच केलं.

खड्डे खणायला सुरुवात झाली त्या दिवशी मावशी आली. टोपली नव्हती. रिकाम्या हाताने आलेली मी तिला पहिल्यांदाच पाहिली.

"भाऊ, भिंत बांधा. तुमची जागा हाय. पण खाली तोंडं ठेवा. हातभर रुंद, चार ठेवा."

"तोंडं ठेवली तर पाणी आत येणारच. मग भिंत कशाला?"

"थोडं येईल आन् निघून जाईल. नाय ठेवली तं समदं माझ्याकडं तुंबंल. बाबा उठत नाय, तुमाला म्हाईत हाय."

मला तिचं म्हणणं पटलं. मी ड्रॉइंगमध्ये चार तोंडं दाखवली आणि कमिटीपुढे ठेवली. तिथे कुणी म्हणालं साप येतील, कुणी म्हणालं उंदीर येतील. चेअरमन म्हणाले, "साहेब, मागच्या वेळी तुमची गाडी वाचली. माझी गेली. पाण्यासाठी भिंत बांधायची आणि तिला भोकं ठेवायची?" सगळे हसले. मीही हसलो. आणि माझ्याच पेनाने ती चार तोंडं मी खोडली.

मावशीला मी ते सांगितलं नाही. भिंत वर येताना तिने पाहिलंच. भाजी मात्र येत राहिली, जुडीवर चार काड्या जास्तीच्या.

भिंतीचा तिसरा पावसाळा. दोन दिवस धार धरली होती. नदीकाठच्या लोकांनी हलावं म्हणून भोंग्याची गाडी फिरून गेली होती. रविवार असल्यामुळे मी घरी होतो. दुपारी दीडच्या सुमाराला ग्रुपवर फोटो यायला लागले. भिंतीच्या या बाजूला आमचं पार्किंग, पलीकडे तपकिरी पाणी. खाली लिहिलेलं, भिंतीने काम केलं. कुणीतरी माझं नाव घालून अभिनंदन केलं होतं.

मी खिडकीशी गेलो. वावर दिसतच नव्हतं. मावशीच्या घराच्या खिडक्यांची खालची चौकट पाण्यात होती. आणि पत्र्यावर आपटणाऱ्या पावसातून तिची हाक ऐकू आली. माझ्या नावाने नव्हती. ती नुसतंच "अहो, कुनी हाय का" म्हणत होती.

मी धावत खाली गेलो. वॉचमनने शिडी आणली होती. त्याच्या हातात घण होता. "साहेब, भिंत फोडू का? दोन खांबांमधला एक गाळा पडला तरी पाणी उतरंल."

चेअरमन म्हणाले, "थांबा. गाड्या तरी काढू द्या लोकांना."

मी सेक्रेटरी होतो, भिंत माझी होती. मी "फोड" म्हणालो असतो तर त्याने फोडली असती. मी म्हणालो, "पाच मिनिटं थांब." लोक किल्ल्या आणायला वर पळाले. लिफ्टसमोर गर्दी झाली. पाच मिनिटांची पंधरा झाली असतील. मी घड्याळ पाहिलं नाही. आजवर कुणी विचारलं तर मी पाचच सांगत आलो.

मग वॉचमन कुणाला न विचारता शिडी चढला आणि पलीकडे उतरला. त्याच्या मागून मी. पाणी माझ्या छातीला लागलं. घरात मावशी खाटेवर उभी होती. खाटेवर टेबल चढवून त्यावर तिने नवऱ्याला बसवलं होतं आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं वर धरलं होतं. टेबल कलंडलं होतं. तो एका बाजूला घसरला होता, अंगाने जड माणूस, आणि तिच्या हातातली ताकद संपली होती. त्याचं तोंड पाण्याखाली होतं. तिला ते कळलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. ती बोलत होती. "बाबा, आले बगा लोक. आले."

आम्ही दोघांनी त्याला भिंतीवरून अलीकडे, पार्किंगच्या छताखाली आणलं. तळमजल्याच्या एका डॉक्टर मुलीने बराच वेळ छाती दाबली आणि मग हात काढून घेतले.

मावशीला आम्ही शिडीवरून उतरवलं. ती नवऱ्याजवळ बसली. त्याच्या तोंडावरचा चिखल पदराने पुसला. मग तिने शेजारच्या फरशीवरून तळहात फिरवला, उलटा करून पाहिला.

"कोरडं हाय," ती म्हणाली.

मागे एक गाडी रिव्हर्स घेत होती, तिचा बीप बीप आवाज चालू होता.

तलाठी पंचनाम्याला आला तेव्हा चेअरमननी सांगितलं की भिंत बिल्डरच्या वेळची, जुनी आहे. कागद माझ्यापुढे आला. मी सही केली.

चार दिवसांनी मावशीची मुलगी तिला न्यायला आली. ती दिंडोरीजवळच्या एका खेड्यात दिलेली. टेम्पोत भांडी, खाट आणि वाळत घातलेल्या गोधड्या चढवल्या. मी फाटकाशी गेलो.

"भाऊ," मावशी म्हणाली, "भिंत जुनी हाय असं लिवलं का तुमी?"

"हो."

"बरं."

ती टेम्पोत बसली. शिवी दिली असती तर मला घरी जाऊन झोपता आलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात मी तहसीलमध्ये जाऊन नवा जबाब दिला. भिंत कधी बांधली, ड्रॉइंग कुणाचं, त्यातलं काय खोडलं, कुणी खोडलं, आणि घण हातात असताना थांबायला कोण म्हणालं. सोसायटीत माझ्याशी बोलणं बंद झालं. लिफ्टमध्ये लोक मोबाइल बघतात. चौकशी झाली, महापालिकेची माणसं आली, त्यांनी मापं घेऊन भिंतीला खालून तोंडं पाडली. मला काही शिक्षा झाली नाही. तुम्हाला वाटेल बरं झालं. मला तसं वाटत नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर मी दिंडोरीकडे गेलो. मुलीने मला घरामागच्या वावरात नेलं. मावशी वांग्याच्या सरीत बसून खुरपत होती. वाळली होती. मला पाहून तिने पदर नीट केला, पण उठली नाही.

"मावशी, भिंतीला तोंडं पाडली. यंदा पाणी तुंबलं नाही."

खुरपं चालूच राहिलं.

"घरात कोन राहतं आता?"

"कुणी नाही."

"मंग कुनासाठी सांगता, भाऊ?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच माझ्याकडून उत्तर हवं होतं. पुढचं तण काढायला ती बसल्या बसल्या हातभर पुढे सरकली.

मुलीने चहाला हाक मारली. मावशी आली नाही. मी ओट्यावर बसून चहा घेतला, मुलीला नमस्कार केला आणि निघालो. रस्त्यावर आल्यावर मागे वळून पाहिलं. ती सरीच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती, पाठ माझ्याकडे. तिथून तिने पुढची सरी धरली.