झेंड्याचा मान कुणाचा?

"सव्वीस जानेवारीला ये. झेंडा मी फडकवणार हाय," शोभाचा फोन आला आणि मी ऑफिसात आदल्या दिवसाची रजा टाकून मोकळी झाले. नांदेडला कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. आता ती राखीव जागेवरून निवडून आलेली सरपंच! न जाऊन कसं चालेल?

नांदेडहून लातूरला लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे एसटी जाते. बायकांना अर्धं तिकीट. अहमदपूरला गाडी थांबली की सुशीला खाऊन घ्या. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना शेंगदाण्याची सढळ फोडणी, वर लिंबू. लातूरहून पुढे किल्लारीकडे जाणारी जीप मात्र गच्च भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा सोबत पाणी आणि संयम ठेवा.

शोभाचं गाव किल्लारीच्या पलीकडे. नाव लिहीत नाही. भूकंपानंतर सगळं गाव नव्या जागेवर वसवलं, रस्ते सरळ आखले, पण शोभाची गल्ली इथंही गावाच्या टोकालाच. जमीन हादरली, घरं पडली, एवढी एक गोष्ट मात्र कुणी पडू दिली नाही.

संध्याकाळी आम्ही भाकरी-पिठल्यावर बसलो होतो, तेवढ्यात पाटील घराण्यातले अण्णा दोघांना घेऊन अंगणात आले. बोलणं अगदी गोड.

"शोभाबाई, पोळ्याला आमचाच बैल पुढं ऱ्हातो. गावाचा रिवाजच हाय. तसा झेंड्याचा मान बी आमच्याच घराचा. संविधानाची उद्देशिका तुमी वाचा, तुमी लई शिकलेल्या. दोरी मी ओढतो."

मी भाकरी ताटात ठेवली. "अण्णा, झेंडा म्हणजे काय पोळ्याचा बैल आहे?"

"पाव्हण्या बाईनी गावच्या गोष्टीत पडू न्हाई," ते हसून म्हणाले आणि चपला घालून निघाले.

शोभाचा नवरा पुटपुटला, "वाद नको. वर्षातून एकदाचं तर हाय." शोभाने भाकरीचा तुकडा मोडला. मी तणतणत राहिले. सरपंच ही, खुर्ची हिची, सही हिची, आणि दोरी अण्णांची? मग मतं तरी कशाला घेतली?

सकाळी ग्रामपंचायतीपुढे शाळेची मुलं रांगेत उभी. अण्णा फेटा बांधून खांबापाशी दोरी धरून तयार. शोभा पुढे आली आणि उद्देशिका सांगू लागली. इथे पद्धत अशी, की एकाने सांगायचं आणि सगळ्या गावाने मागून म्हणायचं. "आम्ही, भारताचे लोक..." गाव म्हणालं. "दर्जाची व संधीची समानता..." सगळ्यांत मोठा आवाज अण्णांचा! लाज कुठे गहाण टाकली होती कोण जाणे.

उद्देशिका संपली. शोभाने हात पुढे केला.

"अण्णा, समानता आत्ता तुमीच म्हणलात. समद्यांनी ऐकलं. द्या दोरी."

अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं, मग दोरी पुढे केली. "घ्या. यंदा मान तुमाला देतो."

शोभाने ओढली. गाठ सुटली, झेंडा फडकला. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "अण्णाचं मन लई मोठं!" आणि टाळ्या पडल्या. कुणासाठी, ते ऐकून माझे डोळे कोरडे झाले.

लातूरमार्गे परत नांदेडला पोचले तोवर शोभाने गावच्या व्हॉट्सॅप ग्रुपवरचा फोटो पाठवला होता. अण्णा मधोमध, शोभा कडेला. खाली ओळ: 'मान दिल्याबद्दल अण्णांचे जाहीर आभार'. माझं डोकंच सणकलं. हक्काची वस्तू हिची, आणि दानशूर ते! राजेशाही गेली, राज्यघटना आली, आणि एवढ्या वर्षांनी भांडण कशाचं, तर आपलंच आपल्याला कुणी उपकार म्हणून द्यावं याचं.

रागारागाने शोभाला फोन लावला. ती भांडी घासत होती.

"आभार मानू दे की," ती म्हणाली. "पंधरा ऑगस्टला मी सकाळीच जाऊन खांबापाशी हुबी ऱ्हानार हाय. मग द्यायला त्यांच्या हातात काय असंल?"